डावी बाही नापास

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळची कॉफी झाल्यावर, हयवदनरावांनी स्वेटरची डावी बाही नापास केली.

"बावीस मिलिमीटर आखूड आहे," पोलादी पट्टी पुसत ते म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर राखाडी लोकरीचा स्वेटर हातपाय ताणून पडला होता. जमनाबाई पलीकडच्या खुर्चीत त्याची बटणपट्टी विणत होत्या. त्यांच्या सुया थांबल्या नाहीत.

"असू दे," त्या म्हणाल्या.

"असू दे काय? उजवी पाचशे चार, डावी चारशे ब्याऐंशी. एकाच माणसाचे दोन हात आहेत ना हे?"

"एकाच माणसाचे आहेत."

हयवदनराव जुलैमध्ये कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजल्या होत्या आणि चिठ्ठी बांधून पुढे सोडल्या होत्या. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे फेरकाम, लाल म्हणजे नापास, आजच्या आज भंगारात. निरोपाच्या दिवशी खात्याने त्यांना जरीकाठाची शाल दिली आणि त्यांनी खात्याला निळी जर्सी परत केली. जर्सी परत करायची असते हे खात्यात दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं. नियमांचं पुस्तक उघडून त्यांनीच दाखवून दिलं. चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मात्र, छपाई जुनी झाली म्हणून, त्यांच्याबरोबर घरी आला.

तेव्हापासून बनशंकरीतल्या त्या घरात न मोजलेलं असं फारसं काही उरलं नव्हतं. चपात्यांची जाडी मोजून झाली. पडद्याला पिवळी चिठ्ठी लागली, कारण तो एका बाजूला जमिनीला टेकत होता. विणलेली एक कानटोपी मागच्याच आठवड्यात हिरवी चिठ्ठी घेऊन कपाटात गेली. शिंप्यांशी तर त्यांचं वैर लग्नाच्या आधीपासूनचं. बंगळुरात एकाही शिंप्याला डावी बाही जमत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मल्लेश्वरमचा शिंपी झाला, चिकपेटेचा झाला, घराजवळचा झाला; उजवी बाही मनगटावर बरोबर बसायची आणि डावी तळहातावर उतरायची. शेवटी त्यांनी शिंप्यांना सुधारणं सोडून दिलं. डाव्या बाहीला ते एक घडी मारत, आणि ती मारताना दर वेळी हलकेच चक् करत.

जमनाबाई दर हिवाळ्यात कोणासाठी तरी काहीतरी विणायच्या. लेकीला, भाचरांना, शेजारच्या तान्ह्या बाळांना. नवऱ्याला काही विणायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं असे: "मला कशाला? कारखान्याची जर्सी आहे." या वर्षी जर्सी नव्हती. तरी हयवदनराव पहाटे गळ्याला मफलर गुंडाळून फिरायला जात आणि परत आल्यावर दात वाजत असताना सांगत की स्वल्प गारवा आहे, बाकी काही नाही. हा स्वेटर जावयासाठी होता. लेक आसावरीचं लग्न होऊन पहिली संक्रांत येत होती, ती नागपूरला होती, आणि नागपूरची थंडी बंगळूरच्या थंडीसारखी सोसण्याजोगी नसते. निदान विचारल्यावर जमनाबाईंनी तसंच सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरात सांगितलं होतं की आता बारीक विणकाम पुरे. त्यावर जमनाबाई एवढंच म्हणाल्या होत्या की हातातला हा एक होऊ दे, हा शेवटचा.

म्हणूनच हयवदनरावांना ती बाही खुपत होती. जावई अजित इंजिनिअर. सासरचा पहिला आहेर, सासूच्या हातचा शेवटचा स्वेटर, आणि तो बावीस मिलिमीटरनी चुकलेला. दुपारी जमनाबाई मल्लेश्वरमला बहिणीकडे जेवायला गेल्या तेव्हा त्यांनी बराच विचार केला. मग तारेने कॉलरच्या मागे लाल चिठ्ठी बांधली, तिच्यावर कारण लिहिलं, आणि जमनाबाईंना परत आल्या आल्या दिसावी म्हणून स्वेटर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर ठेवला. पिवळीकडे ती बघणारही नाही, लाल पाहून रागवेल, पण उसवून नीट करेल, असा त्यांचा हिशेब होता. मग ते वाचनालयात गेले.

ते परतले तेव्हा वेताच्या खुर्चीवर स्वेटर नव्हता. एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं: लाल चिठ्ठीचा माल, नग एक, उचलला. विठोजी.

पहिल्या क्षणी, खरं सांगायचं तर, त्यांना समाधान वाटलं. पावती व्यवस्थित लिहिली होती. दुसऱ्या क्षणी ते चपला न घालताच शेजारच्या फाटकाशी पोचले.

विठोजी त्याच कारखान्यात भांडारात होता, दोन वर्षं आधी निवृत्त झालेला. दर डिसेंबरात तो वसाहतीतले जुने गरम कपडे गोळा करून गरजूंना पाठवत असे.

"जमनाअक्कांनी दोन शाली आणि घोंगडी काढून ठेवली होती, ती न्यायला आलो," तो शांतपणे म्हणाला. "बाजूला हा नग. लाल चिठ्ठी, खाली तुमची सही."

"अरे, पण विचारायचंस तरी."

"अण्णा, लाल चिठ्ठीवर विचारायचं नसतं. एकोणऐंशी साली मी विचारलं होतं, तर तुम्ही मला सगळ्यांदेखत काय बोललात, आठवतं?"

हयवदनरावांना आठवत होतं. कपड्यांचा गठ्ठा कुठे आहे असं त्यांनी विचारलं, तर तो दुपारच्या टेम्पोने देवनहळ्ळीला गेला होता. तिथे द्राक्षांचे मळे राखणारी म्हातारी माणसं उघड्यावर झोपतात, त्यांना वाटायला.

संध्याकाळी जमनाबाईंनी स्वेटर कुठे आहे असं विचारलं. हयवदनराव आयुष्यात फार खोटं बोललेले नव्हते, त्यामुळे जे आलं ते खात्याच्या भाषेत आलं.

"फेरतपासणीला घेतलाय."

जमनाबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बटणं लावायची आहेत," त्या म्हणाल्या. "डोळे आहेत तोवर द्या म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला जातो असं सांगून हयवदनराव निघाले. पिशवीत निरोपाची जरीकाठी शाल होती, कारण ज्याला स्वेटर मिळाला असेल त्याच्याकडून तो रिकाम्या हाताने परत मागणं त्यांना पटत नव्हतं. मॅजेस्टिकला बस बदलून ते देवनहळ्ळीला उतरले आणि मळ्यामळ्यातून चौकशी करत चालू लागले. राखाडी स्वेटर, मागे लाल चिठ्ठी, एवढं वर्णन पुरेसं झालं. तिसऱ्या मळ्यातल्या बाईने हसून बोट दाखवलं.

राखणदार आप्पाजी द्राक्षांच्या मांडवाखाली बाजेवर बसला होता. सत्तरीचा, किडकिडीत. स्वेटर घातलेला, मागे चिठ्ठी तशीच. हयवदनरावांनी कन्नडमध्ये विचारलं की ही चिठ्ठी का काढली नाही.

"काढीन कसा, यजमान? चिठ्ठी आहे म्हणजे नवा माल. गावात सगळ्यांना दाखवून आलो." आप्पाजीला वाचता येत नव्हतं. "फक्त ही डावी बाही स्वल्प आखूड झालीय बघा. करणारणीचं लक्ष नसेल."

"आखूड नाही," हयवदनराव ताडकन म्हणाले. "तिचं लक्ष नसतं असं कधी होत नाही. तशीच करायची होती ती."

आणि आपण हे काय बोललो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग त्यांनी खरं ते सांगून टाकलं. बायकोने केलेला आहे, तिचे डोळे जात आहेत, हा शेवटचा आहे, माझ्या चुकीने इथे आला. आप्पाजीने मुकाट्याने स्वेटर उतरवला. शाल मात्र तो हातात धरून उलटीपालटी बघत राहिला. जरीची शाल पांघरून राखणदार बसला, तर मालक मलाच चोर समजून पकडेल, असं त्याचं म्हणणं पडलं. ती तो सुनेला देणार होता. पण मग त्याच्या स्वतःच्या थंडीचं काय, हा प्रश्न उरलाच, आणि असं म्हणताना त्याची नजर हयवदनरावांच्या मफलरवर होती. हयवदनरावांनी मफलर काढून दिला. आप्पाजीने तो कानांवरून बांधला आणि मळ्याच्या फाटकापर्यंत त्यांना सोडायला आला.

परतीच्या बसला त्यांच्या खिडकीची काच नव्हती. ऊन उतरलं होतं. हेब्बाळच्या तळ्यावरून वारा आला तसा त्यांच्या सुती शर्टात शिरला आणि बाहेर पडेना. जावयाचा आहेर अंगावर घालणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी दोन थांबे वाट पाहिली. तिसऱ्या थांब्यानंतर स्वेटर चढवला, बटणं नव्हती म्हणून पुढून मुठीत धरला, आणि सवयीने उजवा हात डाव्या मनगटाकडे नेला, बाहीला घडी मारायला.

घडी मारायला काही नव्हतंच. लोकर मनगटाच्या हाडावर येऊन थांबली होती. उजवीकडेही तिथेच.

धुवून आटला असेल, असं त्यांना आधी वाटलं. पण तो धुतलाच नव्हता. त्यांनी पट्टी काढली आणि अंगावरच बाह्या मोजल्या. पाचशे चार. चारशे ब्याऐंशी. मग त्यांनी दोन्ही खांदे सीटच्या पाठीला टेकवले, दोन्ही हात समोर जमतील तितके सरळ केले आणि बोटांच्या टोकांकडे पाहिलं. डावा हात बोटभराहून थोडा जास्तच मागे होता, कोपरात किंचित वाकलेला. बाराव्या वर्षी ते पेरूच्या झाडावरून पडले होते. हाड बसवणाऱ्याने हात बसवून दिला, सहा आठवड्यांनी वडील म्हणाले की झाला बरा, आणि त्यानंतर तो हात कोणी तपासला नव्हता.

"एन् आयतु, सार?" काय झालं म्हणून कंडक्टरने विचारलं.

"काही नाही," हयवदनराव म्हणाले. "तपासणी."

त्यांना मल्लेश्वरमचा शिंपी आठवला, चिकपेटेचा आठवला. मागच्या सीटवर कॉलेजच्या दोन मुली मघापासून दबून हसत होत्या, आणि हयवदनरावांना वाटत होतं की त्यांना त्यांचंच काहीतरी आठवलं असेल.

मॅजेस्टिकला भर गर्दीतून ते तसेच चालत गेले. घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि जमनाबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, दोन्ही मनगटं पाहिली, मग खांद्याला धरून वळवलं आणि मानेमागे लटकणारी लाल चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"नापास," त्या म्हणाल्या. "असेच आलात गावभर?"

"देवनहळ्ळीपासून."

जमनाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग हयवदनरावांनी व्हरांड्यातच सगळं सांगितलं: विठोजी, टेम्पो, शाल, मफलर, सगळं.

"आणि अजितला काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्यांना कानटोपी. ती तुम्ही पास केलीत, त्यांचं डोकं न मोजता."

"माझं माप कधी घेतलंस?"

"दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपता तेव्हा. सुतळीने. दोन्ही हातांचं वेगवेगळं."

"मला सांगायचंस की हात आखूड आहे म्हणून."

"कशाला? शिंप्यांना बोलायला तुम्हाला बरं वाटायचं."

हयवदनराव खुर्चीत बसले. त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि ड्रॉवरमधल्या गठ्ठ्यातून एक हिरवी चिठ्ठी काढून आणली. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच एकदा दिलेला निकाल ते बदलत होते. पण जमनाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. बटणं लागल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि चिठ्ठी मी बांधीन, असं म्हणून त्यांनी ती शिवणाच्या डब्यात टाकली.

संक्रांतीच्या सकाळी जमनाबाईंनी तिळगुळाबरोबर स्वेटर पुढे केला. सहा बटणं, सहाही एका रेषेत. खिशाला हिरवी चिठ्ठी बांधलेली होती. ती चिठ्ठी आता, बऱ्याच वर्षांनंतर, आसावरीच्या कपाटात, त्याच राखाडी स्वेटरच्या खिशात आहे. नगाच्या नावापुढे, डोळ्यांना नीट दिसत नसताना काढलेल्या मोठ्या अक्षरांत, लिहिलं आहे: हयवदनराव. निकाल: पास. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात: डावा हात बावीस मिलिमीटर आखूड. असू दे.