नऊ पंखे आणि मूठभर भंडारा

"मशीन आणलं तर असं आणीन, सोनम, की अख्ख्या कुंभारी गावची लाइट गेली तरी आपलं घर लांबनं दिसंल!" बिरुदेव छातीवर हात मारून म्हणाला.

"लाइट गेल्यावर मशीन बी बंदच पडंल की," सोनम म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

शहाण्या नवऱ्यानं इथंच गप्प बसायचं. पण लायटिंगच्या बाबतीत बिरुदेवला कुणी काही शिकवलेलं चालत नसे. पोटासाठी तो चिंचोळी एमआयडीसीत फिटर होता. जीव मात्र दिव्यांच्या माळांत! बिरोबाच्या यात्रेला देवळाच्या शिखरापासून पायरीपर्यंत लायटिंग त्याचीच. गेल्या वर्षी त्यानं असे काही फिरते दिवे लावले, की दर्शनाला आलेली माणसं देवाकडे पाठ करून दिवेच बघत उभी राहिली. पुजाऱ्यानं तक्रार केली. बिरुदेव ती तक्रार अजून कौतुकासारखी सांगतो.

आणि देवानं त्याला बायको दिली सोनम! टेंभुर्णीची, हुशार, आणि डोळ्यांना जरा म्हणून भडक न सोसणारी. लग्नात स्टेजवर पाय ठेवल्या ठेवल्या तिनं निम्मे दिवे बंद करायला लावले होते. ते दिवे नवरदेवानं स्वतः रात्रभर जागून लावले होते, हे तिला नंतर कळलं. तेव्हा ती फार हळहळली, पण "परत लावा" असं काही म्हणाली नाही.

सोनम कॉम्प्युटरवर घरांची चित्रं काढायची. नुसती चित्रं नव्हेत. बंगल्याचा पाया खणायच्या आधीच माणसाला त्यातून फिरवून आणायची. पुण्याच्या एका ऑफिसला तिचं काम आवडलं होतं. घरी बसून नोकरी! अट एकच होती. सोमवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर तिनं एक बंगला आतून-बाहेरून फिरवून दाखवायचा. पण तिचा जुना लॅपटॉप बंगल्याच्या जिन्यापाशी आला की बसकण मारायचा. एवढा भार ओढणारं मशीन म्हणजे गेम खेळणारे वापरतात तसला कॉम्प्युटर, असं तिला मैत्रिणीनं सांगितलं होतं.

"फकस्त एक करा," ती निघालेल्या बिरुदेवला म्हणाली. "काळा डबा आणा. साधा. एक बी दिवा नको. मला दिवसभर त्याच्यापुढं बसायचंय."

"एक बी न्हाय?"

"चालू हाय एवढं कळायला एक असतो, त्यो चालंल."

बिरुदेव सोलापुरात दुकानात शिरला तेव्हा त्याच्या मनात काळा डबाच होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दुकानदार शिवयोगीनं तो काढूनही दाखवला. मग सहज म्हणून त्यानं शेजारच्या काचेच्या पेटीचं बटण दाबलं.

नऊ पंखे! पांढरेशुभ्र! प्रत्येकाच्या पोटात दिवे! आधी जांभळे, मग निळे, मग हिरवे. एकाच्या मागं एक असे रंग पळायला लागले. बिरुदेवनं खुर्ची ओढून घेतली.

"ह्याच्यात एक कोटीच्या वर रंग हायत," शिवयोगी म्हणाला.

"पर बायको म्हणली दिवा नको."

"दिवा कुटला? पंखे हायत की हे! सोलापूरचं ऊन हाय, मशीन तापणार. पंखे नकोत म्हणल्या का वैनी?"

तसं काही सोनम म्हणाली नव्हती. बिरुदेवनं खूप आठवून पाहिलं. नाहीच म्हणाली!

रविवारी दुपारी पेटी घरात आली आणि त्यानं ती चालू केली. भिंतीवर रंग नाचायला लागले. सोनम हाताची घडी घालून उभी राहिली.

"ह्यो काळा डबा?"

"मागनं काळाच हाय!"

ती खुर्चीवर बसली आणि तिनं बंगला उघडला. जिना आला. जिना गेला! गच्ची आली, गच्चीवरच्या कुंडीतलं तुळशीचं पान न् पान आलं. सोनमचे डोळे भरून आले. असं मशीन तिनं फक्त दुसऱ्यांच्या टेबलावर बघितलं होतं.

"मशीन लई झ्याक हाय," ती म्हणाली. "पर उद्या कॉलच्या टायमाला सगळं बंद. त्यांना वाटंल मी वरातीतनं बोलतीया."

"रिमोट हाय की! एक बटण दाबलं की अंधार," बिरुदेवनं शपथ घेतली.

आणि ती पाणी भरायला गेल्यावर त्यानं एक बारीक काम केलं. पंख्यांवर धूळ अडवायच्या बारीक जाळ्या होत्या. त्यांच्यामुळे उजेड मंद दिसत होता. उजेड मंद दिसणं बिरुदेवला सहन होणारं नव्हतं. त्यानं जाळ्या उचकटून कपाटावर ठेवून दिल्या.

सोमवारी दहाच्या सुमाराला त्याची आई कस्तुराबाई शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन आली. पेटीभोवती एक फेरी मारून तिनं विचारलं, "आरास तर लई चांगली झालीया. पर ह्यात देव कुटं बसवायचा?"

"आत्या, कॉम्प्युटर हाय त्यो," सोनम म्हणाली.

"मग एवढी आरास कशापायी?"

सोनमनं नवऱ्याकडे बघितलं. बिरुदेव छताकडे बघत होता.

तेवढ्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे बिरुदेवचे वडील. त्यांच्या हातात भंडाऱ्याची, बिरोबाच्या हळदीची पिशवी होती. या घरात नवी वस्तू भंडारा पडल्याशिवाय कामाला लागत नाही. मोटरसायकल, मिक्सर, शेळ्यांचा नवा गोठा, सगळ्यांवर बिरोबाचा भंडारा पडलेला आहे. सोनमवरही पडला होता. माप ओलांडताना तिला शिंका आल्या होत्या.

"आप्पा, नुसतं बोट लावा हां," सोनम काकुळतीला आली. "तासाभरात कॉल हाय माझा."

"बोटच लावतो की पोरी."

आप्पा बोटच लावणार होते, यात शंका नाही. पण बायका जमल्या होत्या, सगळ्यांची नजर पेटीवर होती, आणि बिरुदेवला राहवलं नाही. त्यानं रिमोट उचलून सगळे पंखे पूर्ण वेगात सोडले. नऊच्या नऊ भिंगरीसारखे फिरायला लागले. लाल, निळे, जांभळे! बायकांच्या तोंडून "आगं बाई!" निघालं. आणि आप्पांच्या अंगात यात्रा संचारली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

मूठभर भंडारा वर उडाला. तो खाली यायला हवा होता. आलाच नाही! नऊ पंख्यांनी तो वरच्या वर ओढून घेतला. क्षणभर पेटी आतून पिवळीधमक झाली, आणि मग मागच्या बाजूनं सगळा भंडारा फुस्सकन सोनमच्या तोंडावर आला.

"बंद करा!" सोनम ओरडली.

बिरुदेवनं रिमोट, वायर, हाताला लागेल ते सगळं ओढलं. सारं शांत झालं.

"देवानं पदरात घेतलं," आप्पा समाधानानं म्हणाले.

"आप्पा, आत गेला त्यो सगळा! आणि जाळ्या कुटं गेल्या पंख्याच्या?"

बिरुदेव कपाटाकडे बघायला लागला. बाकी सगळेही कपाटाकडे बघायला लागले. काय झालं ते सोनमला कळलं. तिनं नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. ती बोलली असती तर परवडलं असतं.

त्यानं घाईनं काच उघडली. आणि तो ब्रश शोधायला वळला तेवढ्यात कस्तुराबाई मदतीला धावली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. ओलं! तिनं नऊच्या नऊ पंख्यांची पाती एकेक करून मायेनं पुसून काढली.

"आई!"

"का रं? बाकीच्याला हात न्हाय लावला. पंखेच पुसले."

हळदीला पाणी लागलं की काय होतं, ते सांगायला नको. पांढरेशुभ्र पंखे हळद लागलेल्या नवरीसारखे पक्के पिवळे झाले. पण खरी भीती आत खोलवर बसलेल्या भंडाऱ्याची होती. तो फुंकून निघेना, सायकलच्या पंपानंही निघेना. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"हवा पायजे. जोराची," बिरुदेव म्हणाला. "चल!"

पेटी सोलापुरी चादरीत गुंडाळली गेली, रिमोट बिरुदेवच्या खिशात गेला. सोनम ती मांडीवर घेऊन मोटरसायकलवर बसली, आणि दोघं अक्कलकोट रोडवर रावजीच्या पंक्चरच्या दुकानात पोचले. चादर उघडल्यावर रावजीनं पेटी चारी बाजूंनी न्याहाळली.

"ट्यूबलेस हाय का?"

"रावजी, चेष्टा नको! अकराला तिची परीक्षा हाय!"

रावजीनं पाइप लावला. फुर्रर! पिवळा ढग उठला तो पार रस्त्यावर गेला. समोरून येणाऱ्या एसटीचा वेग मंदावला. खिडकीतल्या एका म्हातारीनं हात जोडले आणि आतून दहा-बारा जण एकदम ओरडले, "चांगभलं!" एक दुचाकीवाला तर चप्पल काढून जवळ आला. पेटीला हात लावून त्यानं तो कपाळाला लावला आणि विचारलं, "पालखी कुटल्या गावची?"

"कुंभारीची," सोनम म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. हसताना तिच्या भुवयांवरून भंडारा गळत होता. आपली बायको इतकी देखणी आहे हे बिरुदेवला आधीही माहीत होतं. पण एवढं सगळं करूनही ती आपल्याकडे बघून हसतेय, याचा त्याला गहिवर आला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"माहितीय. गाडी काढा."

अकराला चार मिनिटं कमी असताना पेटी पुन्हा टेबलावर आली. बटण दाबलं. मशीन चालू झालं! आप्पांनी पुन्हा पिशवीकडे हात नेला, तो कस्तुराबाईनं वरच्या वर धरला.

"आता दिवे बंद करा," सोनम म्हणाली.

बिरुदेवनं खिसे चाचपले. दोन्ही. मग शर्टाचा.

"रिमोट कुटंय?"

"रावजीच्या टेबलावर," बिरुदेव म्हणाला.

आणि कॉल लागला. बिरुदेव, आप्पा आणि कस्तुराबाई दाराआड झाले. पडद्यावर पुण्याच्या उत्कर्षा मॅडम आल्या. त्यांनी सोनमचा पिवळा चेहरा बघितला, पिवळे केस बघितले.

"आज तुमच्याकडे हळद आहे का? आपण कॉल पुढे ढकलू या का?"

"नको मॅडम. नव्या मशीनची पूजा होती," सोनम शांतपणे म्हणाली. "चला, बंगला बघू या."

आणि तिनं त्यांना बंगला दाखवला. ओसरी, माजघर, जिना, गच्ची. मशीन कुठंही अडलं नाही, सोनमही अडली नाही. दाराआड बिरुदेव हात जोडून उभा होता, आणि बिरोबाला तो लायटिंगचा कसलाही नवस बोलत नव्हता. नुसतं "हिचं होऊ दे" एवढंच म्हणत होता.

"एक तारखेपासून रुजू व्हा," मॅडम म्हणाल्या.

कस्तुराबाईनं पदर डोळ्यांना लावला. कॉल आता संपणार, तोच मॅडम थोड्या पुढे झुकल्या.

"सोनम, एक विचारू? तुमच्या मशीनचं लायटिंग फार सुंदर आहे. आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर नुसते रंग नाचत असतात, डोकं उठतं. आणि हे किती शांत! एकच पिवळा, समईसारखा. कुणी करून दिलं?"

कॉल सुरू झाल्यापासून सोनमनं पहिल्यांदाच वळून पेटीकडे बघितलं. नऊच्या नऊ पंखे मऊ, सोनेरी जळत होते. हळदीच्या पात्यांतून एक कोटी रंगांपैकी एकच रंग बाहेर पडत होता. तिला तो आवडला. खरंच आवडला.

दाराआड बिरुदेवची छाती फुगली. त्यानं केसांवरून हातही फिरवला. पडद्यावर बोलावलं तर बरं दिसावं म्हणून.

"आमच्या आप्पांनी," सोनम म्हणाली.

संध्याकाळी बिरुदेव रिमोट घेऊन आला. जांभळा लावला, पिवळा आला. गुलाबी लावला, पिवळा आला. निळ्याच्या वेळी जरा हिरवट झाक दिसली, तीही दोन मिनिटांनी त्याला भास वाटायला लागली. शेवटी त्यानं कपाटावरच्या जाळ्या काढल्या, पुसल्या आणि मुकाट्यानं पंख्यांवर बसवल्या.

"आता कशाला बसवताय?" सोनमनं विचारलं. "धूळ जाऊ नये म्हणून?"

"न्हाय," बिरुदेव म्हणाला. "आतला भंडारा बाहेर जाऊ नये म्हणून."