डी ड्राइव्हचं उद्घाटन

आमच्या मच्छीमार संस्थेच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरच्या पोटात केसरआजीचे धवले साठवलेले होते. धवले म्हणजे आमची लग्नातली गाणी. ती अख्खी येणारी आता एकटी केसरआजीच, आणि तिलाही दोन कडव्यांनी दम लागतो. तेव्हा या गाण्यांची दुसरी प्रत असावी, यावर कार्यकारिणीचं चक्क एकमत झालं.

ती ठेवायची कुठे, यावर मात्र सभा पेटली. प्राची म्हणजे आजीची नात, आमची क्लार्क. तिने वेगळी डिस्क घ्यायला सुचवलं. अध्यक्ष बुधाजींना ते पटेना.

"हाय ती डिस्क अर्धी रिकामी हाय. तिचेच दोन भाग करा, सी आनि डी. दोन्हीकडं गानी ठेवा."

"काका, तुम्ही दोन्ही पोरांना कधी एका होडीवर पाठवता?"

"कधीच न्हाय! होडी बुडली तं दोघं जातील."

"मग ही गाणी?"

"तिथं दर्या हाय, पोरी. हितं टेबल हाय."

या युक्तिवादाला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, चिटणीसाला वाजवाव्याच लागतात.

उद्घाटन म्हटलं की नारळ आलाच. नारळी पौर्णिमेला दर्याला देतो, मग डीनेच काय घोडं मारलं? बुधाजींनी तो थेट सीपीयूच्या डब्यावर वाढवला. पाणी फटींतून आत गेलं, धूर निघाला आणि सी व डी यांनी कोणताही दुजाभाव न करता एकाच वेळी प्राण सोडला.

प्राचीला रडू फुटलं. मलाही फार वाईट वाटलं. चौकशी समितीने मात्र धीर न सोडता निष्कर्ष काढला: दोन भाग अपुरे पडले, सबब नव्या डिस्कचे तीन करावेत.

केसरआजी पुन्हा गायला बसली. "आठवंल तेवढं गाईन, पन त्या बुधाजीला नारल घेऊन हितं येऊ देऊ नको."

या खेपेला प्राचीने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं आणि एक प्रत पेणच्या मावशीकडे पाठवून दिली. हे ठरावाविना झाल्यामुळे मी तिच्याकडून लेखी खुलासा मागवला आहे.

तुम्ही हसताय? तुमच्या मुलाच्या बारशाचे फोटो कुठे आहेत? मोबाइलमध्ये. आणि त्यांची दुसरी प्रत? त्याच मोबाइलमध्ये, वेगळ्या फोल्डरात. तो मोबाइल आत्ता तुमच्या एका हातात आहे, आणि दुसऱ्या हातात भरलेला चहाचा कप.