पंपाची साथ

तळघरात गिटार वाजवायला इमारतीच्या सेक्रेटरींनी गवयाला परवानगी दिली होती, पण एकाच अटीवर. चार ते पाच, पाण्याचा पंप चालू असेल तेव्हाच. दोन्ही कटकटी एकाच तासात उरकाव्यात, एवढाच हेतू. 'गवई' हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. तो होता हेवी रॉकवाला. गिटारने भिंतीचा गिलावा पडायचा आणि वर हा पोटातून गुरगुरायचा. एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याचे सगळे कार्यक्रम जमिनीखालीच झाले होते. सर्वांत मोठ्या गर्दीत बेचाळीस माणसं होती. त्यांतली दोन रस्ता चुकलेली.

म्हणून रेकॉर्ड काढणाऱ्या माणसाचा फोन आला, तेव्हा त्याने तो उभं राहून ऐकला. तळघरात भरून पाठवलेली टेप आवडली होती, विशेषतः खालून येणारी ती खोल घरघर. "असा गळा मी आजवर ऐकला नाही," तो म्हणाला. रविवारी चारला समोर बसून ऐकणार, तसंच निघालं तर करार तिथेच.

शुक्रवारी पंप दुरुस्त झाला.

गवई खूश. निदान आपलं गाणं आपल्याला ऐकू येईल. ते आलं, आणि तो मध्येच थांबला. बायको पायरीवर बसून शर्टाला बटण लावत होती. घरघर कुठे गेली, असं त्याने तिला विचारलं.

"प्लंबरने नेली," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

प्लंबरला गाठलं. जुनं बेअरिंग भंगारात गेलं होतं, आणि हाती असतं तरी त्याने बसवलं नसतं. बिघडलेलं नीट करणं हा आपला धंदा. नीट झालेलं बिघडवायला घरोघर माणसं आहेत, असं त्याने सुनावलं.

उरले दोन दिवस. गवई टेप लावून पंपाची नक्कल करायला बसला. बायकोचा कान त्या पंपावर अकरा वर्षं तयार झालेला, तेव्हा गुरुपद तिच्याकडे गेलं. "अहो, तिथे श्वास नका घेऊ, पंप घेत नाही. आणि शेवटची उचकी विसरलात." शनिवारी दुपारी उचकी बसली.

रविवारी रेकॉर्डवाला पालथ्या बादलीवर बसला. गवयाने डोळे मिटून तोंड उघडलं. साडेचारला टाकी भरली आणि पंप आपोआप थांबला. दुरुस्त झालेला पंप आवाजच करत नव्हता, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या गाण्याला सेक्रेटरी प्लंबरला दुकानातून उठवून जिना उतरले. दोन दिवसांत पंप पुन्हा घरघरायला लागला, हे काय काम झालं, असं वरच्या पायरीपासून चालू होतं.

"आधी तो बंद कर," ते म्हणाले.

प्लंबरने पंपावर हात ठेवला. मग कान लावला. मग सावकाश गवयाकडे वळला.

"बंदच आहे, साहेब. हे आहेत."

रेकॉर्डवाल्याने कागद मांडीवर काढले होते. पंप बंद तर गाणंही बंद, ही अट सेक्रेटरींना आठवली. पण तेवढ्यात साक्षीदार म्हणून त्यांचंच नाव विचारलं गेलं. त्यांनी ते हुद्द्यासकट सांगितलं.

प्लंबर गवयाच्या गळ्याकडे कारागिराच्या नजरेने पाहत होता. "घरघर अस्सल आहे," तो म्हणाला. "फक्त हिला तेलपाणी करू नका. केलं की गेली."

संध्याकाळी गवयाचा घसा पार बसला. बायकोने मधाची वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली, क्षणभर विचार केला, आणि उचलून परत कपाटात ठेवून दिली.