गप बसलेला तीळ

भर हळदीत नवरदेवाच्या मानेवरची हळद रुमालाने पुसून खालचा तीळ बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझा शेजारी आहे. करवल्या हातात हळदीची वाटी धरून अवाक्, आणि आमचे हनीफचाचा नवरदेवाची मान उन्हाकडे वळवून म्हणतायत, "गप बसलाय. चालू द्या तुमचं."

अख्ख्या वारूळवाडीत या माणसाने उच्छाद मांडलाय. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापार करण्यात चाचांची हयात गेली. क्रेटला हात न लावता डागी माल ओळखायचे. आता धंदा पुतण्या बघतो आणि ती नजर आमच्यावर मोकाट सुटलीय. तुम्ही रामराम घाला, ते तुमच्या मनगटाकडे बघून विचारणार, "ह्यो कधीचा?" लहानपणापासूनचा असेल, गोल, एकरंगी आणि आहे तेवढाच असेल, तर तो तीळ गप बसलाय. पण अर्धा एक तऱ्हेचा आणि अर्धा दुसऱ्या, कड फाटकी, काळ्यात तपकिरी-लाल मिसळलेलं, वाढतोय, खाजतोय, रक्त येतंय, यातलं काही दिसलं की चाचांचा आवाज वेशीपर्यंत जातो. "हलला! हलला की उठायचं, राव! डाक्टर गाठायचा!"

यात खोटं काही नाही. पण हे डेअरीवर दूध घालताना, चार बायकांसमोर ओरडून सांगायचं असतं का?

मग माझी पाळी आली. मळ्यातून येऊन नळावर पाय धूत होतो, तर कुंपणापलीकडून हाक आली.

"विलासराव, तळव्याला काळं काय त्ये?"

"काटा मोडला होता. आईने बिब्ब्याचा चटका दिला. त्याचा डाग."

"कधी दिला?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"आन् बिब्ब्याचा डाग वाढतो व्हय? मागं बघितला तवा मसुराएवढा व्हता, आता चिंचोक्याएवढा झालाय. बिब्ब्याचं काळं कातडीसंगं निघून जातं. ह्ये न्हाई त्यातलं."

माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या दारात स्वतःचा पाय धुवायचीही चोरी! "चाचा, हा टोमॅटो नाही, माझा पाय आहे!"

"टोमॅटो असता तर फेकून दिला असता," चाचा म्हणाले.

त्यांना बोलायचा हक्क होता, म्हणून तर जास्त संताप येत होता. चाची गेल्या त्या टाचेवरच्या अशाच डागाने. टाचेला बारमाही मेंदी. मेंदीखाली काय पसरतंय ते चाचींनाही दिसलं नाही आणि सगळ्या बाजाराचा माल पारखणाऱ्या नवऱ्यालाही नाही.

चाचांनी थेट आमच्या आईपुढे ठाण मांडलं. आईने आधी बिब्ब्याची बाजू घेऊन कडाक्याचं भांडण केलं. मग पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "जा बाबा, दावून ये." बायकोने तर माझ्याशी बोलणंच टाकलं. शेवटी पुण्याला चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, नुसतं बघून सांगता येणार नाही, तुकडा काढून तपासायला पाठवू.

रिपोर्ट येईपर्यंत मी सगळ्यांवर चिडलो. काट्यावर, बिब्ब्यावर, 'तपासायला पाठवू' म्हणणाऱ्या डॉक्टरवर. खरं सांगतो, पार घाबरलो होतो. चाचा रोज येऊन ओट्यावर बसायचे. दारावरून कोण कसला तीळ घेऊन गेलं, ते त्यांनी पाहिलंही नाही.

रिपोर्ट आला. कातडीचा कॅन्सरच होता, पण वरवरचा होता, खोल गेलेला नव्हता. आजूबाजूची कातडी आणखी काढली आणि डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आता अंगावर लक्ष ठेवायचं. पाठ स्वतःला दिसत नाही, ती घरच्या माणसाकडून बघून घ्यायची.

टाके निघाल्यावर लंगडत कुंपणापाशी जाऊन मी हे चाचांना सांगितलं. सांगता सांगता सहज विचारलं, "तुमची पाठ कोण बघतं?"

"माझी काय बघायचीय?" चाचा उसळले. मग खाली बघत म्हणाले, "ती बघायची. जुम्म्याला आंगोळ झाली की. ती गेली तवापास्नं कोण न्हाई."

"सगळ्या गावाला उघडं करून बघता आणि स्वतःची पाठ तशीच? पुतण्याला सांगता येत नव्हतं?"

"त्याला काय सांगू? माझी पाठ बघ म्हणून? लाज वाटती, राव."

असा राग आला म्हणून सांगू! या माणसाने माझा पाय वाचवला, कदाचित जीवही, आणि स्वतः मात्र लाजत बसला होता. "काढा कुडता!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा चाचांनी कुणाचं तरी निमूट ऐकलं.

वाळलेली, पांढऱ्या केसांची पाठ. मी उन्हात नीट बघितली. दोन-चार जुने तीळ होते, सगळे गोल, एका रंगाचे. "काही नाही, चाचा. घाला कुडता."

त्यांनी घातला नाही. पाठमोरेच उभे राहिले.

"झालं एवढ्यात?" ते हळू आवाजात म्हणाले. "ती लई सावकाश बघायची."

मी पुन्हा मानेपासून सुरुवात केली.