जांभळातली फट

घराला ज्याची लाज वाटते त्याच्यासमोर अंगणातलं जांभूळ फांदी धरतं, आणि त्या फांदीमागे काय आहे हे कधीच विचारायचं नसतं, हे उल्काला बोलता येऊ लागलं तेव्हाच बजावून ठेवलेलं होतं.

शिराळकरांचं घर टेकडीच्या उतारावर होतं. आजोबांनी ते बांधलं तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीतून नदी, पूल, कापडगिरणी आणि पलीकडचे डोंगर, सगळं दिसे. आजोबांनी गिरणीतला संप फोडला, तेव्हा गिरणी पानांमागे गेली. काका पुलाखाली पत्ते खेळताना पकडले गेले, त्या पावसाळ्यात पूल गेला. आता डोंगराची एक कड आणि पाण्याची टाकी एवढंच उरलं होतं. पण ते चौकटीत असं नेटकं बसलं होतं की येणारेजाणारे कौतुक करत.

उल्काने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. फांदी उजेडाकडे वाढते, असं तिथे शिकवत.

"तो तुमचा सिलॅबस," बाबा म्हणाले. "आपलं झाड वेगळं."

एक फट मात्र राहिली होती, तळहाताएवढी. तिच्यातून नदीकाठचं प्रमिलाआत्याचं घर दिसे. आत्या नवऱ्याला सोडून परत आली, त्या संध्याकाळी बाबांनी बहिणीला दार उघडलं नाही. फांदी लगेच आली, पण फट बुजेना. घरातल्या सगळ्यांना एकाच गोष्टीची लाज वाटल्याशिवाय त्या झाडाला पान फुटत नसे, आणि उल्काला आत्याची लाज वाटत नव्हती. ती रोज फटीतून तिला बघे. उतार उतरून भेटायला मात्र कधी गेली नव्हती. त्याची लाज तिची एकटीची होती, म्हणून झाडाने दखल घेतली नव्हती.

कऱ्हाडचे देवस्थळी उल्काला बघायला आले, तेव्हा रीतीप्रमाणे सगळे आधी चहा घेऊन खिडकीसमोर बसले.

"चौकट सुरेख आहे," देवस्थळी म्हणाले. "आमच्याकडे वड. आता काहीच दिसत नाही. भरदुपारी दिवा लावतो."

"भाग्य लागतं," काका म्हणाले.

देवस्थळीकाकूंनी चष्मा चढवून फटीला डोळा लावला. "अगंबाई, कुणीतरी पापड वाळत घालतंय!"

"भरत आलीय फट," आई घाईने म्हणाली.

"भरू दे की. भरली की तारीख काढू," देवस्थळीकाकू म्हणाल्या.

"मला काही घाई नाही," त्यांचा मुलगा चारुदत्त कोपऱ्यातून म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

बाबा उल्काकडे वळले. "जरा लाज बाळग गं. दोन मिनिटांचं काम."

"आणि आत्या?"

"ती कुठे जातेय? असेल तिथेच. दिसणार नाही, एवढंच."

"तोंडदेखली चालायची नाही हं," काकांनी बजावलं. "झाडाला कळतं."

"माझ्यासाठी, बाळा," आई म्हणाली. "मी तर तिच्या ताटात जेवलेय. तरी मला जमलं."

उल्काने डोळे मिटले. तिला ती संध्याकाळ आठवली. दाराबाहेरून आत्या म्हणत होती, "वहिनी, पाणी तरी दे." आईने आतून कडी दाबून धरली होती. काका चुळबुळत जिन्यात उभे होते आणि बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. उल्काला लाज आली. अगदी खरी, कानशिलं तापवणारी. बाहेर जांभूळ सळसळलं.

"आली, आली!" काका ओरडले.

फांदी फटीकडे गेली नाही. ती खिडकीच्या गजांतून आत आली, सोफ्याला वळसा घालून बाबांच्या तोंडासमोर थांबली आणि तिला कोवळी तांबूस पानं फुटली. मग एक डहाळी काकांसमोर गेली, एक आईसमोर. देवस्थळीकाकूंनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"अहो, पण घरातल्या सगळ्यांना वाटल्याशिवाय..." त्या म्हणाल्या, आणि पानांमागच्या तिघांकडे एकेक करून पाहू लागल्या.

"छाटून टाकू," पानांमागून बाबांचा आवाज आला. "उल्का, कात्री आण. आणि परत मीट डोळे. नीट मीट या वेळी."

"नाही," उल्का म्हणाली. "कात्री आणणार नाही. आणि डोळे तर मुळीच मिटणार नाही."

तिने वाट पाहिली. बाबांनी तोंडासमोरची पानं बाजूला सारली नाहीत. काकांनीही नाही, आईनेही नाही. चारुदत्त उठला आणि त्याने पानांखालून एकेकाच्या हातातला चहाचा कप अलगद काढून घेतला.