उसन्या बापाचं नाटक

माकणीचे रेवणआप्पा किराणा दुकान चालवायचे आणि फावल्या वेळात एका पोथीतली माणसं उचलून दुसऱ्या पोथीत नेऊन बसवायचे. या उद्योगातून त्यांनी निजामाच्या अमदानीत एक आख्खं नाटक लिहिलं आणि वाक्यं पुरवायला मला पडद्यामागं उभं केलं.

कोण कुणाचा कोण, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. एका पोथीतला राक्षस दुसऱ्या पोथीतल्या ऋषीला मामा म्हणायचा. उर्दू किश्श्यातला शहजादा वाट चुकून त्याच ऋषीच्या आश्रमात शिरायचा आणि झुकून आदाब करायचा. ऋषी झालेला शिंपी मला हळूच विचारायचा, "मास्तर, म्या ह्येला आशीर्वाद देऊ का आदाब करू?"

"दोन्ही करा," आप्पा म्हणायचे. "पोथी येगळी, माणसं तीच."

घरातून हाकललेल्या राणीला त्यांनी भलत्याच पोथीतला निपुत्रिक राजा बाप म्हणून दिला होता. एकदा वैतागून मी म्हणालो, "आप्पा, माझं डोकं फिरायची पाळी आली. हा राजा तिचा कोण?"

"कुणीच न्हाय, म्हणून तर आणलाय. तिच्या पोथीत तिला दार उघडणारं कुणी न्हाय, मास्तर."

मी नाटकाची वही मिटली. दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक गंगू तुळजापूरच्या सासरहून मार खाऊन आली होती. लोक काय म्हणतील म्हणून आप्पांनी तिला उंबऱ्यावरूनच परत धाडलं. त्यानंतर ती माकणीत फिरकली नाही. नाटकाचं आवतण त्यांनी तिला तीनदा धाडलं होतं, पण उत्तर आलं नव्हतं.

रात्रीच्या जमावाला सरकारची मनाई, म्हणून नाटक भर दुपारी झालं. राक्षसाचा रंग घामानं गळ्यापर्यंत ओघळला. राजाचं काम खुद्द आप्पांचं. राणी झालेल्या महादू न्हाव्यानं दार वाजवलं, आप्पांनी उघडलं आणि तसेच उभे राहिले. मी वाक्य पुरवलं, "कन्ये, कोठून आलीस?" पुन्हा पुरवलं.

"गंगू, चुकलं माझं," आप्पा म्हणाले. "आत ये. परत न्हाय धाडत."

ही गंगू कुठल्या पोथीतली, असं परगावचे लोक एकमेकांना विचारू लागले. मीही वेड्यासारखा हे वाक्य शोधत वहीची पानं उलटत होतो. माकणीची माणसं मात्र खाली बघत बसली. एरवी हशा घेतल्याशिवाय न हलणारा महादू मुकाट्यानं पदर सावरून आत गेला.

आप्पा रंगमंचावरून उतरले आणि राजाच्या कपड्यांतच तुळजापूरच्या वाटेला लागले. त्यांना थांबवावं असं मला वाटलं नाही. माझेच डोळे भरून आले होते. तिथं आता दार त्यांना वाजवायचं होतं, आणि गंगू ते उघडेल की नाही, हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.