पंधराशे शहाण्णवचं नाणं

साच्यात साल ठोकावं तर या गिल्बर्ट पास्कनेच! अख्ख्या लंडनात कुणालाही विचारा. आता विचारलंत तर लोक अँब्रोज फेनचं नाव सांगतील म्हणा, पण त्या कडू गोष्टीकडे मी येतोच आहे.

टांकसाळीतले आमचे उस्ताद थर्लो डोळ्यांनी पार अधू झाले होते. मार्चअखेर आमचं साल बदलतं. ते बदललं की उस्ताद घरी बसणार आणि मुख्य कोरक्याची जागा रिकामी होणार. उमेदवार दोनच. एक मी, दुसरा अँब्रोज. हा बेटा राणीसाहेबांच्या डोक्यामागचं गुलाबाचं फूल कोरायला आठवडा लावतो! आमच्या सिस्लीने तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं, "आमचे हे मुख्य झाले!"

नव्या सालचा, म्हणजे पंधराशे एकोणसत्तरचा पहिला साचा माझ्या वाट्याला आला. आणि नेमका नऊच्या आकड्याचा पोलादी ठसा तडकला.

"नवा ठसा करायला दोन दिवस जातील," अँब्रोज म्हणाला.

"तू घालव दोन दिवस! सहाचा ठसा डोक्यावर उभा केला की झाला नऊ!"

"मग मेणावर छाप घेऊन बघ तरी."

"अरे, तुझं नाक गळत होतं तेव्हापासून मी साचे कोरतोय!"

आता साच्यात सगळंच उलटं असतं. आकडे उजवीकडून डावीकडे ठोकत जायचे. त्यात ठसा एकच, एकदा सरळ धरायचा, एकदा डोक्यावर. माणसाने काय काय लक्षात ठेवायचं, तुम्हीच सांगा! ठोकला, भट्टीत घालून कडक केला आणि दिला हातोडेवाल्यांच्या ताब्यात.

नाणी बाजारात गेली. थोड्याच दिवसांत सिस्ली मासळीबाजारातून रिकाम्या टोपलीने तणतणत आली.

"कोळीण म्हणते, सत्तावीस वर्षांनी या, तेव्हा हेरिंग देते!"

"का गं?"

"का म्हणून मला काय विचारता? नाण्यावरचं साल वाचा!"

वाचलं. पंधराशे शहाण्णव!

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी म्हणे, त्या साली जग बुडणार. कुणी दबक्या आवाजात म्हणे, त्या साली राणीसाहेब जाणार. जग बुडालं तर बुडू दे हो, पण राणीसाहेबांच्या मरणाची नुसती गोष्ट काढली तरी आमच्याकडे मानेला दोरी लागते!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दरबारातले एक मखमली साहेब दोन भालेवाले घेऊन हजर. त्यांनी माझं नाणं मेजावर आपटलं.

"हा साचा कुणी कोरला?"

उस्तादांना साचा कुठला आणि भाकरी कुठली हेही दिसत नव्हतं. ते काय सांगणार!

"अँब्रोजने!" मी म्हणालो.

अँब्रोज पांढराफटक पडला. "मी?"

"तूच की! साहेब, मी याला बजावलं होतं, बाबा रे, मेणावर छाप घेऊन बघ!"

आणि साहेब हसले! चक्क हसले!

"दरबारात नुसता आनंदीआनंद आहे. राणीसाहेब अजून सत्तावीस वर्षं गादीवर राहणार, असा शकुन निघालाय. थर्लो, असा माणूस घरात असताना मुख्य कोरक्या कशाला शोधताय?"

"साहेब, मी कोरला! देवाशपथ, मीच!" मी ओरडलो.

उस्ताद खेकसले, "पास्क, लाज बाळग! आत्ता तूच म्हणालास ना, अँब्रोजने कोरला म्हणून?"

"ते चुकून म्हणालो!"

"चुकून? तुझ्या हातून चूक होतच नाही, असं ऐकत आलोय मी."

मी अँब्रोजकडे पाहिलं. एक शब्द खरा बोलला असता तर त्याचं काय जाणार होतं? त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं, टोपी काढली आणि कमरेत वाकला. "साहेबांची कृपा!" मेला! आजही त्याच्यासमोर टोपी काढताना माझं तोंड कडू होतं.

घरी येऊन मी सिस्लीला सगळं सांगितलं. वाटलं, ती अँब्रोजच्या नावाने बोटं मोडेल. कसलं काय!

"आयुष्यात तुमची एकच गोष्ट गावभर गाजली," ती म्हणाली, "आणि तीही लोकाच्या नावावर करून आलात!"